नऊची शेपटी

आधी मी कात्रीनं कागद कापायचो.
तूरडाळ, कोलम, रवा, गोडेतेल.
स्केचपेननं आकडा काढायचो,
नऊची शेपटी जरा लांब, ती माझी खूण.
आता फळीच्या काठाला
बोटभर काचेच्या पट्ट्या आहेत.
पापणी न लववता आकडा बदलतात,
मला विचारत नाहीत.

हर्णैच्या पुळणीवर लिलाव उठतो,
पाट्या धुतल्या जातात, मग मजुरी.
मजुरी मुठीत घेऊन
कमरुन होडेकर सव्वासातला दुकानात शिरते,
तिच्यामागून बर्फ फोडणारे, टोपल्या वाहणारे.
तेव्हाच डाळ १६१.
दुपारी दोनला, दुकानात
पंखा आणि बंगल्यावरच्या एक बाई होत्या,
तेव्हा १३९.
मी पाहिलंय. फळी मीच पुसतो.

"काय रे, भाव दुपारी येक आनी सांजचा येक?"
मी म्हटलं, भाव वरून येतो.
ती छताकडे बघायला लागली.

चिपळूणहून साहेब आले. म्हणाले,
मागणी वाढली की भाव वाढणारच,
तुमच्या मासळीचं वेगळं असतं का?

उत्तर सुचायला मला दोन दिवस लागले.

नाही साहेब, तसंच असतं.
सुरमई चढते, उतरते, घटकेत.
पण बोली सगळ्यांच्या कानांवर पडते,
बोलणाऱ्याचं तोंड दिसतं,
त्याला शिवी घालता येते.
आणि काळोख पडू लागला, बर्फाचं पाणी झालं
की वेणू पावसे आपणहून वाटा वाढवते,
समोरच्याची पिशवी बघून
वर दोन बांगडे टाकते.
कोण आलंय, हे तीही बघते.
पट्टीही बघते.

ग्रामसभेत कमरुनकडे अर्ज नव्हता,
पावत्या होत्या,
खाऱ्या पाण्यानं एकमेकींना चिकटलेल्या.
एकेक सोडवून तिनं टेबलावर मांडल्या,
पापलेटं मांडावीत तशा, लहानापासून मोठ्यापर्यंत.
ठराव झाला:
डाळ, तांदूळ, तेल, मीठ, साखर.
कुलूप उघडताना जो भाव,
तोच कुलूप लावताना.
हे आपल्या अधिकारात बसतं का,
ग्रामसेवकानं विचारलं.
कुणालाच माहीत नव्हतं.
तरी त्यानं लिहून घेतलं, अक्षर चांगलं काढून,
आणि कागद दापोलीला गेला.

दापोलीहून अजून काही आलेलं नाही.
तोवर मी दाराशी
पोराची जुनी पाटी टेकवून ठेवलीय.
सकाळचा भाव, खडूनं.
नऊची शेपटी लांब.

काल सव्वासातला कमरुननं पाटी वाचली,
मग पट्टी वाचली,
अर्धा किलो डाळ काउंटरवर ठेवली
आणि मोजून एकोणसत्तर रुपये पन्नास पैशांऐवजी
सत्तर ठेवले. "आठ आणे ऱ्हावदे तुला."
मशीन म्हणालं, ऐंशी पन्नास.
ती हलली नाही.
तिच्यामागची रांग
दारातून बाहेर, रस्त्यापर्यंत गेली होती.
मशीन पुन्हा म्हणालं.
रांगेतून कुणी पुढे सरकेना.