द्यावे आणि द्यावेच

ताना नदीच्या काठी, सिर्मा गावात,
शाळेच्या भटारखान्यात एकतीस वर्षं कालवण ढवळलेली
इङ्गा वार्सी
उजव्या कानाच्या यंत्रासाठी अर्ज भरते.
नातवाचा जुना लॅपटॉप.
बाहेर दुपारी दोनलाच अंधार.

शासनाचं संकेतस्थळ नम्र आहे.
नाव विचारतं, ती लिहिते.
पुढच्या पानावर नाव परत येतं तेव्हा
मधलं अक्षर गळालेलं,
त्या जागी प्रश्नचिन्ह:
इ?गा.
जणू ओस्लोत कुणी भुवई उंचावून म्हणावं,
नक्की का, बाई?

ते अक्षर आपल्या ओळखीचं आहे.
अंकलिपीत क ख ग घ नंतर
ज्याच्यापुढे चित्र नसायचं, ते.
आपण त्याला वाङ्मयात कोंडलं
आणि मोकळे झालो.
इङ्गाला ते हाकेला ओ द्यायला लागतं.

ध चा मा करायला निदान एक वैरी लागतो.
इथे वैर कुणाचंच नाही.
तळघरात एक यंत्र आहे, खूप म्हातारं,
त्याला तेवढीच अक्षरं शिकवली होती.
जे येत नाही तिथे ते प्रश्न विचारतं.
वर्गातल्या आपल्यापेक्षा प्रामाणिक.

त्याच आठवड्यात लिस्बनला
हॉटेलच्या बिनखिडक्यांच्या दालनात
प्रमाणकांची समिती तिसऱ्या दिवशीही एका वाक्यावर अडलेली:
'नागरिकाने लिहिलेले प्रत्येक अक्षर
शासकीय यंत्रणेने जसेच्या तसे परत द्यावे.'
द्यावे, की द्यावेच?
त्यांच्या भाषेत त्यासाठी दोन निराळे शब्द आहेत.
माझ्या भाषेत सगळा तंटा एका च चा.
द्यावे म्हणजे सवडीने, अंदाजपत्रकात बसलं तर.
द्यावेच म्हणजे, बसव.

च महाग पडेल, म्हणतो योरिस तेरहोर्स्ट,
कंपनीचा माणूस, नाकाने कांदे सोलत.
एका च मागे चाळीस तळघरं उपसावी लागतील.
अध्यक्ष इसाउरा ओयार्सून घड्याळ बघतात.
पाचनंतर कॉफी मिळणार नाही.

मग घानाचा सेलोम अग्बेको,
तीन दिवस चकार शब्द न काढलेला,
म्हणतो, माझ्या आईच्या भाषेत
'नाव' या शब्दाचंच पहिलं अक्षर ते आहे.
ते नसलं तर
तुझं नाव काय, एवढंही आम्हाला विचारता येत नाही.

या समितीत हात वर करत नाहीत.
ज्याला पटलं त्याने गुणगुणायचं,
अध्यक्षांनी कान द्यायचा.
'द्यावे'साठी हुंकार उठला
वातानुकूलन यंत्राच्या घरघरीएवढा.
'द्यावेच'साठी आधी काहीच नाही,
मग मागच्या रांगेतून,
मग योरिसच्या शेजारून.
सेलोमने ओठ मिटले नव्हते.
ओठ मिटले की म होतो.
उघडे ठेवून जीभ मागे नेली की
तेच अक्षर, नाकातून, लांबलचक.
इसाउराबाईंनी टिपलं: परिच्छेद ४.२, च मंजूर.

कागदावरून तळघरात उतरायला च ला चार वर्षं लागली.
वाटेत दोन निविदा, एक स्थगिती, एक पडलेलं सरकार.
काम झालं ते एका गुरुवारी,
जेवणाच्या सुट्टीआधी, नऊ ओळींत.
करणाऱ्या पोरीला लिस्बनचं काही ठाऊक नव्हतं.

इङ्गाने पुन्हा अर्ज केला होता.
पत्र आलं. नातू तिच्या डाव्या कानाशी ओरडून वाचतो:
कळवण्यास खेद वाटतो की
आपले वार्षिक उत्पन्न मर्यादेपेक्षा
दोनशे बारा क्रोनरने अधिक आहे.

काय?
नाही म्हणतायत, आजी!
ते कळलं. नाव कसं लिहिलंय?
नातू कागद उजेडात धरतो.
नीट लिहिलंय.
शेपटीसकट?
शेपटीसकट.

ती कात्री मागते,
नावापुरता तुकडा कापून फ्रिजवर लावते.
उरलेलं पत्र शेगडीत.