येथे

सतरा सप्टेंबरच्या आदल्या सांजेला
ग्रामसेवक लाल रंगाचा डबा देतो
आणि मी उकिडवा बसून
दगडावरची नावं पुन्हा गिरवतो.
केरबा. इरबा. चांदसाब पिंजारी.
चौथ्याचा टवका उडालेला,
नुसतं ‘बाई’ उरलंय.
दरसाल विचारतो, कोणती बाई?
कुणी म्हणतं, कोंडाबाई असंल.
कुणी म्हणतं, ती तर भाकरी घेऊन आल्ती.

खाली : येथे धारातीर्थी पडले.

येथे नाही.
रस्ता चौपदरी झाला तवा
जेसीबीनं दगड उचलून
रसवंतीशेजारी आणून रोवला.
ते ‘येथे’ आता दुभाजकात आहे,
कण्हेरीखाली.

उरलेला रंग घेऊन
मी रस्ता ओलांडायला उभा राहतो.
उदगीरकडच्या गाड्या
थांबत नाहीत.