व्हॅनमधली हवा

सव्वासहाला फूटी कोठीपासून सुरू होते माझी फेरी.
लोकमान्यनगर, वैशालीनगर, मग अन्नपूर्णेमागची गल्ली,
आठ जणांच्या व्हॅनमध्ये अकरा पोरं,
आरटीओला सांगू नका.
जानेवारीत काचा बंद,
एकाच्या तोंडची वाफ दुसरीच्या चष्म्यावर.

कुणाला वळणावर मळमळतं, कुणाचा डबा रोज उरतो,
कोण घरून रडून आलंय,
सगळं आरशात दिसतं मला.
गोवराचं कधी विचारलं नव्हतं.

परवा पलकची आई गेटवर थांबली.
दोन वर्षांनी पोर शाळेत निघालेली,
केस आत्ता कुठे कानापर्यंत.
म्हणाली, भैया, रक्ताचं औषध अजून चालू आहे,
हिला ती लस देता येत नाही.
बाकीच्यांनी घेतली आहे ना?
मी म्हटलं, हो.
गिअर टाकला आणि कळलं,
कुणालाच न विचारता हो म्हटलंय.

संध्याकाळी दारोदार फिरलो.
नऊ घरांतून हो. एकीने तर कार्डच आणलं,
त्यावर हळदीच्या बोटांचे डाग.
सुपेकरसाहेब हसले. बसा म्हणाले, चहा घ्या.
अन्वय आमचा एकुलता एक.
आम्ही खूप वाचलंय. पोर आमचं, निर्णय आमचा.
तुम्ही व्हॅन चालवा.

खरं सांगतो, उत्तर सुचलं नाही.
माणूस वाईट नाही,
पोराचं बोट गेटपर्यंत सोडत नाही.
माझी मुलगी सुईनंतर तीन रात्री तापली होती,
तेव्हा त्या नर्सला मीही मनात शिव्या घातल्या होत्या.
त्यांच्या दाराशी दोन डबे, हिरवा नि निळा,
झाकणं लखलखीत.
मागच्याच महिन्यात शेजाऱ्याला झापलं होतं त्यांनी,
ओल्यात प्लास्टिक टाकलं म्हणून:
घाण तुमची असेल, वास गल्लीला येतो.
हे मला आठवलं जिना उतरल्यावर.
माझं नेहमी असंच होतं.

रात्री जेवताना मनात आलं,
अकरा जणांचं विचारलं, बाराव्याचं काय?
व्हॅनमध्ये सगळ्यांत जास्त खोकतो तो मीच.
आई आता नाही. देवासला मावशीला फोन लावला.

तुला लस कसली, म्हणाली,
तेव्हा आपल्या खेड्यात आलीच नव्हती.
तुला गोवरच निघाला होता, पाच वर्षांचा असशील.
आठ दिवसांत उठून कैऱ्या पाडायला पळालास.
मग गप्प झाली.
मग म्हणाली, धाकटी तुझ्याच गोधडीत निजायची ना.

आईच्या मांडीवरचं बाळ, भिंतीवरच्या फोटोतलं.
मला आजवर वाटायचं, तो मीच.

नाव काय होतं?
सुलभा.
नंतर कुणी घेतलंच नाही.

पाच वर्षांच्या पोराचा काय दोष.
निवड नव्हतीच कुणापुढे,
कडुनिंबाचा पाला तेवढा होता दाराला.
सुपेकरसाहेबांपुढे आहे.
आहे, म्हणूनच तर
पुढचं वाक्य मला जुळत नाही.
ब्रेकवर पाय माझाच असतो,
डोकी अकरा आपटतात.
एवढंच मला बोलता येईल.

आज काचा उघड्या टाकून गाडी चालवली.
पोरं कुडकुडली, ओरडली, काका वेडे झाले!
पलक खिडकीशी, मास्कच्या वर डोळे हसरे,
टोपी एका हाताने दाबून धरलेली.
ती जागा तिच्यासाठी अन्वय धरतो. रोज.

उतरवताना तिच्या आईला सांगितलं,
परवा खोटं बोललो. एका घरचं बाकी आहे.
कोणतं घर, तिने विचारलं नाही.
पोरीचा हात तेवढा मुठीत घेतला.

उद्या सुपेकरांच्या दाराशी हॉर्न देणार नाही.
दहा मिनिटं आधी निघेन.
बेल वाजवीन.