उसनवारीची खोली

सॅस्कॅचेवानमधल्या आमच्या गावात
कर्लिंगच्या बर्फामागे एक खोली आहे.
एक किल्ली ओरेस्टच्या खिशात, दुसरी बेकरीत.
आत कुबड्या, वॉकर, कमोडच्या खुर्च्या
आणि एक पलंग, हँडल फिरवलं की डोकं वर करणारा.
त्याच्यासाठी क्लबने तीन हिवाळे पॅनकेक भाजले.
पैशांचा डबा अजून सिरपने चिकट आहे.

दवाखाना एकशे चाळीस किलोमीटरवर.
मध्ये गहू, आणि गहू नसेल तेव्हा बर्फ.
म्हणून पाय मोडला की माणूस आधी ओरेस्टला हाक मारतो,
मग देवाला.

वही त्याची. रकाने त्यानेच पट्टीने आखलेले:
काय नेलं, कुणी, कधी, परत कधी.
शेवटचा रकाना: का परत.
‘बरा झालो!’ लिहितात लोक, ठसठशीत.
नाहीतर काहीच लिहीत नाहीत.
त्या कोऱ्या जागेत ओरेस्ट एक बारीक टिंब देतो,
पेन्सिलीने, खोडता यावं असं,
जणू कुणीतरी येऊन सांगेल
की ऐकण्यात चूक झाली.

पलंगाच्या पानावर टिंबंच टिंबं.
गेल्या मंगळवारी डॅनिल्कोबाईंनी तो परत आणला,
ट्रकमध्ये, दोरीने आवळून,
व्हिनेगरने पुसलेला, चाकांना तेल घातलेला.
म्हणाल्या, “डावा कठडा अडकायचा.
त्यानेच दुरुस्त केला, पडल्या पडल्या.”
आम्ही कठडा खाली-वर करून पाहिला.
बराच वेळ करत राहिलो.

मी नवा. हिशेब माझ्याकडे.
म्हटलं, लहान मुलाचा एक वॉकर, निळा,
नऊ वर्षं झाली, परत नाही.
ओरेस्टने हुंकार दिला आणि गाडी काढली.

कोवालच्यांच्या गोठ्यात सापडला.
दांड्यावर चार कोंबड्या, अंग फुगवून,
मुठींना अजून हॉकीची टेप.
आणि ती पोरगी, टेसा, उणे तीसमध्ये टोपीशिवाय
अंगणातून धावत आली,
डावा पाय जरासा फेकत,
अंडी किती देऊ विचारायला.

परतताना माझ्या मांडीवर अंड्यांचा पुठ्ठा.
खोलीत दिवा लावून ओरेस्टने वही उघडली,
खिशातलं पेन काढलं
आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं:
अजून वापरात.

बारा अंडी जमेला धरायची का,
हे मी विचारलं नाही.