बोट

मारोआन्त्सेत्राहून बोट सुटली तेव्हा पहाटेचे चार,
आणि पेट्रोलचा कॅन माझ्या मांडीवर,
कारण कोरडी जागा तेवढीच.
मधे कधीतरी काळोखात देवमाशाने श्वास सोडला.
नावाड्याने मानही वळवली नाही.

पलीकडे रान थेट पाण्यात उतरलेलं,
वाळू फक्त ओहोटीपुरती.
वेलोंजाराच्या अंगणात चटयांवर लवंगा वाळत होत्या.
ज्या वासाला मी आजवर दाढदुखी समजत आले
तो इथे शाळेची फी होता.

"रात्री त्याचं नाव घ्यायचं नाही," तो म्हणाला.
पुस्तकात नाव आहे: आय-आय.
आपल्याकडे ठेच लागल्यावर तोंडातून निघतो तो शब्द.
मी गिळून टाकला.
जळवा मोज्यांत शिरल्या होत्या,
बासष्ट वर्षांचे गुडघे मुळांशी हुज्जत घालत होते,
आणि मग

टक. टक टक. टक.

बाजारात माठ घेताना वाजवून बघतात
तसं कुणीतरी वर मेलेली फांदी वाजवून बघत होतं,
कुठे पोकळ, कुठे अळी.
टॉर्चमध्ये आधी कान आले, चपलेच्या चामड्याचे,
मग डोळे,
मग ते मधलं बोट,
काटकीसारखं, लांब,
दुसऱ्याच कुणाच्या हातावरून उसनं आणलेलं.

वेलोंजाराने टॉर्च सरळ धरला होता
पण तोंड समुद्राकडे फिरवलं होतं.
ते बोट ज्याच्यावर रोखलं जातं
तो वर्ष काढत नाही म्हणतात.
धाकटी फारा तापाने गेली त्या साली
त्याच्या वडिलांनी एकाला मारून
वाटेच्या फाट्यावर टांगलं होतं.
"आणि तू लोकांना हेच दाखवत फिरतोस?"
"वादळात छप्पर गेलं," तो म्हणाला.
"पत्रा महाग आहे."

परतीच्या बोटीत
लवंगांच्या पोत्यावर सोआझारा बसली होती.
तिने रानाकडे खूण केली, बोट वाकवून,
सरळ बोट तिकडे करत नाहीत,
मग भुवया उंचावून माझ्याकडे पाहिलं:
रोखलं का?

मी मान हलवली. नाही.

टॉर्च थरथरायच्या आधी दोन क्षण,
फार तर तीन.

तिने पोतं सरकवून मला शेजारी जागा केली,
आणि उपसागराच्या मधोमध मोठी लाट आली तेव्हा
घट्ट धरायला
तिला माझाच दंड सापडला.