आवाज न करणारी गाडी

बाणावलीच्या बंद पडलेल्या हॉटेलामागे
ती तीन पावसाळे उभी होती केवड्याच्या बनात,
नाकाने वाळूत रुतलेली.
इनासने विकली. सात हजार,
आणि ओढून नेणं तुमचं तुम्ही.

टेंपोतून रिवणला उतरवली तेव्हा
दुलबा वेळीप काठी टेकत आला,
चारी बाजूंनी फिरला, बाजारात बैल बघतात तसा.
दात बघायचे तेवढे राहिले.
"हिला आवाज नाही म्हणतात, खरं?"
म्हटलं, सध्या तर अजिबातच नाही.

सीटखाली उंदरांची बाळंतपणं झालेली.
खेळाचे गुण लिहायच्या कागदांचा भुगा,
एक बुटकी पेन्सिल,
आणि पांढरा, खळ्याखळ्यांचा एक चेंडू.
दुलबाने तो हातावर तोलला,
"एवढं काडतूस कोणाला मारायला?" म्हणाला
आणि होता तिथे परत ठेवला.

सहा बॅटऱ्या. टोकांवर हिरवट पांढरी साय.
खायचा सोडा, कढत पाणी, दात घासायचा ब्रश;
फसफसून वर आलं सगळं.
छत्तीस हवे होते, काटा एकवीसवर बसून राहिला.
चार जिवंत आहेत, दोनच बदलू, दुलबा म्हणाला.
मी म्हटलं, जुन्या बैलाशेजारी नवा जुंपलास
तर आधी कोण मरतो?
तो गप्प झाला. दुसऱ्या दिवशी
काजूवाल्याकडून आगाऊ उचल घेऊन
कुडचड्याहून सहाही आणल्या.

तरी ती हलेना.
किल्ली फिरवली की आतून एक 'टक्' यायला हवं,
ते टक् मी अकरा दिवस शोधलं.
सापडलं ते पायाखालच्या पट्टीत,
उंदराने कुरतडलेल्या, करंगळीएवढ्या वायरीत.

पांढरा रंग चांदण्यात ओरडतो,
म्हणून दुलबाच्या सुनेने तिला शेणाचा हात दिला.
मागच्या कप्प्यात, जिथे पाहुण्यांच्या काठ्या राहायच्या,
गोणपाट शिवलं, बंदुकीच्या मापाने.
गुडघा गेल्यापासून तीन वर्षं
दुलबा डोंगरीवर चढला नव्हता.
डुकरांना ते कोणीतरी कळवलं होतं.
सुरण त्यांचा, कणगां त्यांची,
उभं भात लोळायला.

गाडी सुरू झाली त्याच आठवड्यात
निवडणूक लागली.
परवान्याची असो, आजोबाची असो,
बंदूक केप्याच्या पोलिसांत जमा.
पावती वरच्या खिशात घालून
दुलबा शिकारीला निघाला.
"नुसती बघून येऊ. चालते तरी कशी."

चालली. देवा, काय चालली.
चाकाखालचं पान मोडतं ते ऐकू येत होतं.
दूर कुठेतरी बोंडू पडला, तोही.
दुलबाच्या छातीतली जुनी विडी ऐकू येत होती.
वळणावर ती होती.
सात मोठी, पिल्लं किती ते मोजली नाहीत,
अंगावर पट्टे, चिबुडासारखे.
दहा पावलं. एकानेही मान वर केली नाही.
चाळीस वर्षं रानात गेलेला माणूस
इतक्या जवळ कधी आला नव्हता,
हे मला त्याच्या हातावरून कळलं.
रिकामे हात, मांडीवर, उताणे.

"फाटीं घे," तो पुटपुटला. "हळू."
मी कळ मागे ओढली.

टीं! टीं! टीं! टीं!

सगळ्या गाडीची दुरुस्ती केली होती मी,
फक्त हॉटेलाची ही शिस्त विसरलो होतो.
रान फुटलं. डुकरं नाल्यात, पिल्लं काट्यांत,
खाली वाड्यावर कुत्र्यांचा गजर.
दुलबा एवढा हसला की खोकला लागला,
मग खोकता खोकता शिव्या,
बऱ्याचशा मला.

सकाळी पक्कड घेऊन गेलो.
"तोडू ती वायर?"
"राहू दे," म्हणाला.

आता रोज रात्री जेवण झालं की
तो मळ्याच्या कडेने उलटा फिरतो, टीं टीं करत.
शेजारी वैतागलेत. सुरण मात्र वाढलाय.

निवडणूक होऊन पाच महिने झाले.
बॅटरीचं पाणी न्यायला आला की मी विचारतो, बंदूक?
पावती हरवली म्हणतो.
मी पाहिली आहे ती.
चेंडूशेजारी, पेन्सिलीला गुंडाळलेली.