गळती

पारसिकच्या टेकडीवर, जलकुंभाच्या मागच्या अंगाला,
जुन्या व्हॉल्व्हच्या चेंबरखाली
बारमाही चिखल असतो. एप्रिलातही.
महापालिकेच्या वहीत त्याची नोंद : गळती, किरकोळ.
माझ्या वहीत : रानजायफळ, एक.

अकरा बिया आणल्या होत्या दोडामार्गाहून,
देवराईतल्या पाण्यातून वेचलेल्या,
ओल्या शेवाळात, स्टीलच्या डब्यात.
या बीला झोपता येत नाही.
वाल वाट पाहतो, चिंचोका वर्षानुवर्षं पाहतो,
ही आठवडाभर सुकली की संपली.
रात्रभर एसटीत डबा मांडीवर,
दर दोन तासांनी झाकण उघडून शिंपडत होते.
कंडक्टरनं विचारलं, अंडी आहेत का?
म्हटलं, तसंच काहीतरी.

चार रुजल्या.
दोन गोगलगाईंनी खाल्ल्या, एक माझ्या दिवाळीच्या सुट्टीनं.
उरली ती इथं लावली,
कारण खाडीचं पाणी खारं,
आणि वर्षभर न आटणारं गोडं पाणी
अख्ख्या बेलापुरात
या एका सैल नटाखालीच सापडलं.

नट जोमा भोईरच्या ताब्यातला.
जोमा व्हॉल्व्हमन, दिवाळे गावचा.
पाना घेऊन यायचा, झाडाकडे बघायचा,
पाना घेऊन परत जायचा.
नवव्या वर्षी त्यानंच फोन केला :
‘बाई, याला गुरघं फुटलं.’
धावत गेले. चिखलातून मुळं वर आलेली,
हवा घेऊन, वाकून, पुन्हा आत शिरलेली.
पुस्तकात श्वसनमुळं म्हणतात.
अकरावीच्या वर्गात मी तेव्हापासून गुडघेच म्हणते.

मग हिशेबाबाहेरच्या पाण्याची मोहीम आली.
नवी गॅस्केट, वर सिमेंट, फोटो.
नवव्या दिवशी चिखलाला भेगा,
पानांच्या कडा जुन्या कागदासारख्या.
मी रीतसर अर्ज केला :
विषय – गळती पूर्ववत करण्याबाबत.
कारकुनानं दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा.
म्हणाला, बाई, असा विषयच नाही आमच्याकडे.

जोमा काही बोलला नाही.
दुसऱ्या दिवसापासून पहाटे पाच-चाळीसला,
सेक्टरला पाणी सोडायच्या आधी,
तो चार मिनिटं धुण्याचा व्हॉल्व्ह उघडायला लागला.
लाइन धुवून घेतो, म्हणायचा.
लाइन धुवायला कोण नको म्हणणार?

चौदाव्या वर्षी, फेब्रुवारीत,
पानांच्या बगलेत पिवळट इवल्या घागरी.
एक तोडली. देठातून लाल चीक आला, बोटाला लागला.
ब्लेडनं उभी चिरली, भिंग धरलं :
मधोमध पुंकेसरांचा एकच खांब.
बीजकोश नाही.
‘नर आहे,’ मी म्हटलं.
या जातीत नर वेगळा, मादी वेगळी,
आणि फुलल्याशिवाय झाड सांगत नाही.
जोमानं विचारलं, ‘मंग बायको कुठं याची?’
पाचशे किलोमीटरवर, जोमा.
आणि मध्ये परागकण नेणारा भुंगेरा
साबुदाण्याहून लहान.

आम्ही बराच वेळ चेंबरच्या कठड्यावर बसलो.
वर धनेशाची जोडी गेली, करड्या रंगाची,
खाली न बघता.
लाल पत्रीत गुंडाळलेलं बी तिला गिळता आलं असतं की नाही,
ते बघायला बी तर हवं.

नराच्या फांदीवर मादीची काडी बांधून कलम जमतं म्हणतात,
दापोलीकडच्या वाड्यांत जायफळाला करतात.
रानातलीला जमेल का, मला ठाऊक नाही.
डबा घासून ठेवला आहे. काडीला लांबट डबा लागेल
हे नंतर लक्षात आलं.

एकतीस मेला जोमा निवृत्त झाला.
त्याच्या जागी कंत्राटी पोरगा, कानात वायर.
त्याला काय सांगितलंस, मी विचारलं.
‘काय नाय. गुरघं दाखवलं.’

आज एक जून.
मुद्दाम गेले नाही टेकडीवर.
बादली नळाखाली ठेवून घड्याळ बघत उभी राहिले.
आमच्या सेक्टरात पाणी
चार मिनिटं उशिरा आलं.